मढच्या वाळूतून तोरण्याच्या धारेवर

मुंबईत दोन धावणारे भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : टायमिंग काय? हाफ किती तासांत, फुल किती तासांत, पेस किती? पेस म्हणजे एका किलोमीटरला लागणारी मिनिटे. रस्त्यावर धावणाऱ्याचे सगळे नियोजन या एका आकड्याभोवती फिरते. सहाच्या पेसने धावणारा ४२.१९५ किलोमीटर चार तास तेरा मिनिटांत संपवतो आणि साडेपाचच्या पेसने धावणारा तीन तास बावन्न मिनिटांत. हाच माणूस सिंहगड, राजगड आणि तोरणा जोडणाऱ्या डोंगरी शर्यतीत उतरतो तेव्हा पहिल्याच चढावर घड्याळ पंधरा, अठरा, बावीस असे आकडे दाखवू लागते. पाय तेच, फुप्फुसे तीच, वर्षानुवर्षांचा सरावही तोच. तरी हिशेब जुळत नाही.

मॅरेथॉननंतर अल्ट्रा ही पुढची पायरी आहे असे सर्रास मानले जाते. पाचनंतर दहा, दहानंतर एकवीस, मग बेचाळीस आणि त्यानंतर पन्नास किंवा शंभर. व्याख्येपुरते ते बरोबर आहे, कारण ४२.१९५ किलोमीटरपेक्षा लांब ती प्रत्येक शर्यत अल्ट्रा. पण रस्ता सोडून पायवाटेवर गेल्यावर अंतर ही गोष्टच दुय्यम होते. डोंगरातली अल्ट्रा हा वेगळा खेळ आहे, आणि तो वेगळा आहे हे जितक्या लवकर मान्य होईल तितका धावक सुरक्षित राहतो.

मुंबईच्या पश्चिम उपनगरांत, विशेषतः मढसारख्या टोकाच्या गावात राहणाऱ्याला हा फरक फार प्रकर्षाने जाणवतो. मालाड स्टेशनहून सुटणारी बेस्टची २७१ नंबरची बस अक्सा, एरंगळ करीत मढ जेट्टीला पोहोचते. तो सगळा रस्ता समुद्रसपाटीचा. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला मालाडची खाडी आणि तिवरे, मध्ये कोळीवाडे आणि बोंबील वाळत घालण्यासाठी उभ्या केलेल्या बांबूंच्या रांगा. पहाटे या रस्त्यावर वाहने कमी असतात, म्हणून लांब पल्ल्याच्या सरावाला तो सोयीचा. मॅरेथॉनची तयारी करायला यापेक्षा फार काही लागत नाही. सह्याद्रीच्या तयारीसाठी मात्र जे लागते, ते या रस्त्यावर नाही.

मुंबईकरांना मॅरेथॉनची सवय लागली ती १५ फेब्रुवारी २००४ नंतर. त्या दिवशी मुंबई मॅरेथॉन पहिल्यांदा झाली आणि बँकेत, शाळेत, दुकानात काम करणारी सामान्य माणसेही धावू लागली. पण मराठी मुलखाचे मॅरेथॉनशी नाते त्याहून कितीतरी जुने आहे. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची मुले पाहून उद्योगपती दोराबजी टाटा यांनी भारताचा संघ ऑलिम्पिकला पाठवण्याचे मनावर घेतले. १९२० साली ॲन्टवर्पला गेलेल्या त्या संघात बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार हे दोघे मॅरेथॉन धावले. दातार यांना शर्यत पुरी करता आली नाही. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. त्या वर्षीची शर्यत ४२.७५ किलोमीटरची होती, ऑलिम्पिकच्या इतिहासातली सर्वांत लांब मॅरेथॉन. ४२.१९५ हे अंतर कायमचे ठरले ते पुढल्या वर्षी, १९२१ साली. म्हणजे काटेकोर हिशेब लावला तर बेळगावच्या या गड्याने आजच्या व्याख्येतली छोटी अल्ट्राच धावली होती. शंभर वर्षे उलटली तरी त्यांचे नाव आपल्या धावण्याच्या गप्पांत क्वचितच निघते, आणि हे बदलायला हवे.

१९२१ याच वर्षी, २४ मे रोजी, दक्षिण आफ्रिकेत कॉम्रेड्स मॅरेथॉन सुरू झाली. पहिल्या महायुद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ विक क्लॅपहॅम यांनी ती भरवली. पहिल्या शर्यतीत ३४ जण धावले आणि १६ जणांनी ती पूर्ण केली. डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग या दोन शहरांमधले हे अंतर सुमारे ९० किलोमीटर. १८९३ साली तरुण गांधींना ज्या स्टेशनावर आगगाडीतून उतरवले गेले, ते हेच पीटरमारित्झबर्ग. आज दरवर्षी शेकडो भारतीय ही शर्यत धावतात आणि त्यांत मुंबई-पुण्याचे पुष्कळ असतात. मुंबईचे सतीश गुजरन यांनी ती दहा वेळा पूर्ण केली. दहा वेळा पूर्ण करणाऱ्याला तिथे कायमचा हिरवा क्रमांक मिळतो, जो नंतर दुसऱ्या कोणाला दिला जात नाही.

मॅरेथॉनमधून अल्ट्राकडे जाणाऱ्या अनेकांसाठी कॉम्रेड्स हा मधला पूल ठरतो, कारण ती डांबरी रस्त्यावर आहे. चढ-उतार भरपूर, पण पायाखालची जमीन ओळखीची. तिथे धावकाला पहिल्यांदा कट-ऑफचा अर्थ कळतो. सुरुवातीची बंदूक वाजल्यापासून बारा तासांनी शेवटची बंदूक वाजते आणि त्या क्षणी अंतिम रेषेपासून दोन पावलांवर असलेलाही अपूर्ण ठरतो. टायमिंगची चढाओढ संपून 'मुदतीत पोहोचलो का' हा प्रश्न सुरू होतो तो इथे. मुंबईत १५ ऑगस्टला शिवाजी पार्कहून धावली जाणारी बारा तासांची मुंबई अल्ट्राही हेच शिकवते. तिथे अंतर ठरलेले नसून वेळ ठरलेला असतो, आणि धावायचे असते भर पावसाळ्यातल्या दमट हवेत.

रस्ता संपल्यावर काय होते हे समजून घ्यायला दोन जुने-नवे हिशेब उपयोगी पडतात. १८९२ साली स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी डोंगरात चालणाऱ्यांसाठी एक नियम मांडला : सपाटीवरच्या वेळेत दर ६०० मीटर चढाला एक तास वाढवा. आजच्या ट्रेल रनिंगमध्ये, म्हणजे पायवाटांवरच्या धावण्यात, दर १०० मीटर चढ एका किलोमीटरच्या बरोबरीचा धरतात. म्हणजे ५० किलोमीटरच्या वाटेवर एकूण २,५०० मीटर चढ असेल तर शरीराला ती ७५ किलोमीटरसारखी पडते. म्हणून अनुभवी ट्रेल धावक शर्यतीचे नाव ऐकल्यावर 'किती किलोमीटर' विचारण्याआधी 'किती चढ' विचारतो.

हा हिशेबसुद्धा सह्याद्रीत अपुरा पडतो, कारण त्यात जमिनीचा पोत येत नाही. २०१० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेली एसआरटी अल्ट्रा पुणे जिल्ह्यातल्या तीन गडांना जोडते. सिंहगड १,३१२ मीटर, राजगड १,३७६ आणि तोरणा १,४०३ मीटर उंच. युरोपातल्या आल्प्सच्या मानाने हे आकडे लहान आहेत, आणि ते पाहून फसणारे धावक पुष्कळ. सिंहगड-राजगड-तोरणा ही डोंगरभटक्यांची जुनी, मानाची वाट. राजगडाच्या संजीवनी माचीवरून अळू दरवाजाने बाहेर पडायचे, धार धरून तोरण्याच्या बुधला माचीकडे जायचे, हे ट्रेकर लोक पिढ्यान्‌पिढ्या करत आले. पावसाळा सरला की इथले गवत वाळून पायाखाली घसरते. मुरमाड उतारावर घसारा असतो, तिथे बुटाच्या तळव्याला पकडच मिळत नाही. कातळात खोदलेल्या पायऱ्यांची उंची कुठे वीतभर, कुठे गुडघ्याइतकी. डिसेंबरातही दुपारी उघड्या धारेवर ऊन भाजून काढते आणि पहाटे खिंडीतला वारा हाडात शिरतो. तिथे पेस मोजण्यात अर्थ नसतो. पुढचे पाऊल कुठे पडणार एवढेच बघायचे असते.

या वाटांवरून वेगाने जाणे ही मुळात आजची हौस नव्हेच. १६६० च्या जुलैमध्ये सिद्दी जौहरचा वेढा फोडून शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले. ती वाट सुमारे साठ किलोमीटरची. रात्र, मुसळधार पाऊस, चिखल, पाठीवर शत्रू, खांद्यावर पालखी आणि बरोबर सहाशेच्या आसपास बांदल मावळे. आजच्या धावकाकडे असलेले हेडलॅम्प, पकडीचे बूट, पाण्याच्या पिशव्या यांतले त्यांच्याकडे काहीही नव्हते, आणि घोडखिंडीत पोहोचल्यावर त्यांतल्या निम्म्यांना उभे राहून लढायचे होते. बाजीप्रभूंच्या पराक्रमाविषयी आपण खूप बोलतो, पण त्या रात्रीच्या चालीविषयी फार कमी. पावसाळ्यात या वाटेवर चाललेला माणूसच तिची खरी किंमत सांगू शकेल.

आता शरीराकडे वळू. मॅरेथॉनमध्ये तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरच्या पुढे पाय अचानक शिशाचे होतात, त्याला धावक 'वॉल' म्हणतात. त्यामागे साधे गणित आहे. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, सुमारे २,००० किलोकॅलरी पुरवते. धावताना दर किलोमीटरला शरीराच्या प्रत्येक किलोमागे साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. ६५ किलो वजनाच्या माणसाला मॅरेथॉनसाठी सुमारे २,७०० किलोकॅलरी लागतात. साठा आणि खर्च यांतली तूट म्हणजे ती भिंत. चांगला मॅरेथॉन धावक दोन-तीन एनर्जी जेल खाऊन आणि वेग सांभाळून ही तूट भरून काढतो.

शंभर किलोमीटरला हे गणित चालतच नाही. त्याच माणसाला चढ धरला नाही तरी ६,५०० किलोकॅलरी लागतात. सुटका होते ती चरबीमुळे. सडपातळ माणसाच्या अंगावरही आठ-दहा किलो चरबी असते आणि तिच्यात सत्तर हजारांच्या आसपास किलोकॅलरी असतात. अडचण एवढीच की चरबी सावकाश जळते. वेग कमी ठेवला, श्वास बोलता येण्याइतका शांत ठेवला, तर शरीर तिच्यावर भिस्त ठेवते. वेग वाढवला की पुन्हा साखर मागू लागते. म्हणून अल्ट्रामध्ये तीव्र चढावर चालणे हे कमीपणाचे लक्षण नाही. जगातले अव्वल धावकही चढ चालतात, मांड्यांवर हात रोवून किंवा काठ्या घेऊन. रस्त्यावर 'मी एकदाही चाललो नाही' हे अभिमानाने सांगणाऱ्याला हे गिळायला सर्वांत जड जाते.

चरबी असली तरी खावे लागतेच, आणि तेही पळता पळता, तासन्‌तास. तासाला दोनशे-तीनशे किलोकॅलरी पोटात जायला हव्यात. पळताना रक्त पायांकडे आणि घाम गाळणाऱ्या त्वचेकडे वळलेले असते, त्यामुळे आतडे नाराज असते. अल्ट्रामध्ये शर्यत सोडणाऱ्यांत पोट बिघडलेल्यांची संख्या नेहमीच मोठी असते. सहा-सात तासांनंतर गोड जेल समोर आले तरी मळमळते. तेव्हा कामाला येतात ते मीठ लावलेले उकडलेले बटाटे, शेंगदाण्याची चिक्की, खजूर, केळी, ताक, कोकम किंवा लिंबू सरबत. आपल्या घरातला प्रवासाचा खाऊ या कामाला उत्तम आहे, त्याची परदेशी पाकिटांशी तुलना करून लाजण्याचे कारण नाही. मात्र शर्यतीच्या दिवशी काय खायचे हे आधी सरावात खाऊन पाहावे लागते. जशी मांडी तयार होते, तसे पोटही तयार होते.

पाण्याबद्दल एक गैरसमज जिवावर बेतू शकतो. तहान लागो न लागो, पीत राहा, हा सल्ला अनेक वर्षे दिला जात होता. दक्षिण आफ्रिकेचे डॉक्टर टिम नोक्स यांनी १९८१ च्या कॉम्रेड्समधल्या एका धावक स्त्रीचा अभ्यास केला आणि १९८५ साली अशा रुग्णांविषयी लिहिले. या लोकांना पाणी कमी पडले नव्हते, जास्त झाले होते. रक्तातले सोडियम पातळ होऊन मेंदूला सूज येते, माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो, झटके येतात. याला हायपोनॅट्रेमिया म्हणतात. आज वैद्यकीय सल्ला साधा आहे : तहान लागेल तसे प्या, नुसते पाणी ढोसू नका. मुंबईच्या दमट हवेत सराव करणाऱ्याला घाम भरपूर येतो, म्हणून त्याने हे दुप्पट लक्षात ठेवावे.

तसेच दुखण्यावरच्या गोळ्यांचे. रस्त्यावरच्या शर्यतीआधी पेनकिलर घेणारे अनेक आहेत. लांबच्या शर्यतीत शरीर आधीच कोरडे पडलेले असते आणि तुटलेल्या स्नायूंचा कचरा मूत्रपिंडे गाळत असतात. अल्ट्रा धावकांवर झालेल्या चाचणीत आयबुप्रोफेन घेतलेल्यांमध्ये मूत्रपिंडाला इजा झाल्याचे प्रमाण जास्त दिसले. शर्यतीनंतर लघवी चहाच्या रंगाची झाली तर घरी पडून राहू नये, थेट डॉक्टर गाठावा.

चढाची भीती सगळ्यांना वाटते, पण नव्या माणसाला घरी पाठवतो तो उतार. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच आकसायचा प्रयत्न करतात, घाटात उतरणाऱ्या ट्रकच्या ब्रेकसारखे सतत दाबलेले. या प्रकारच्या आकुंचनाने स्नायूंचे तंतू सर्वांत जास्त फाटतात. सपाट रस्त्यावर हजारो किलोमीटर धावलेल्या मांडीला याचा सराव नसतो. राजगड उतरून तळाशी आलेल्या मॅरेथॉनपटूचे पाय लटपटतात ते यामुळे, दम कमी पडल्यामुळे नव्हे. चांगली बातमी अशी की शरीर हे लवकर शिकते. एकदा लांब उतार उतरून दोन-तीन दिवस जिने उतरताना ओरडावे लागले की पुढचे काही आठवडे तसाच उतार कितीतरी कमी त्रास देतो. म्हणून शर्यतीच्या तीन-चार आठवडे आधी एक मोठा उतार पायांखाली घालणे हे शंभर सपाट किलोमीटरपेक्षा मोलाचे.

मग समुद्रसपाटीला राहणाऱ्याने करायचे काय? मढच्या धावकाकडे एक गोष्ट आहे जी पुण्याच्या धावकाकडे नाही : वाळू. अक्सा, एरंगळ, दानापानी असे किनारे हाताशी आहेत. १९९८ साली बेल्जियममध्ये झालेल्या एका अभ्यासात असे मोजले गेले की मऊ वाळूवर धावायला टणक जमिनीपेक्षा सुमारे १.६ पट ऊर्जा लागते, आणि चालायला तर दुपटीहून जास्त. पाय रुततो, त्यामुळे स्नायूंनी दिलेला जोर वाळू हलवण्यात जातो. अर्धा तास मऊ वाळूत वेगाने चालणे हा घोट्यांचा, पिंढऱ्यांचा आणि चढ चालण्याच्या चिकाटीचा उत्तम सराव आहे. सुरुवात ओहोटीच्या ओल्या, टणक पट्ट्यावर करावी आणि हळूहळू वर सरकावे, नाहीतर टाचेमागची शीर दुखावते. भरती-ओहोटीची वेळ कोळीवाड्यात कोणालाही विचारली तर कळते. अक्साच्या पाण्यातला ओढा धोकादायक आहे, अनेक बळी घेऊन बसलेला. धावून तापलेले अंग थंड करायला तिथे पाण्यात शिरू नये.

चढासाठी बोरिवली गाठावी लागते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा विस्तार सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे आणि मुख्य दरवाजापासून कान्हेरी लेण्यांपर्यंतचा रस्ता उपनगरातल्या धावकांचा आवडता. शेवटचा चढ आणि मग लेण्यांच्या कातळात कोरलेल्या पायऱ्या, असा जोड सराव मुंबईत दुसरीकडे मिळत नाही. उद्यानातला सर्वांत उंच भाग, जांभूळ माळ, ४६८ मीटरवर आहे, पण तिथे मनाला येईल तेव्हा जाता येत नाही. हे बिबट्यांचे राखीव जंगल आहे. ठरलेल्या रस्त्याबाहेरच्या वाटा परवानगीशिवाय वापरणे बेकायदा आहे, आणि अंधारात एकट्याने, कानात गाणी घालून धावणे हा शुद्ध अविचार. ज्यांना उद्यानात जायला वेळ नाही त्यांनी इमारतीचा जिना धरावा. लिफ्टने वर जाऊन जिन्याने खाली उतरणे हा उताराचा सराव आहे, तो वेड्यासारखा दिसतो पण चालतो.

महिन्यातून एखादा रविवार मात्र खऱ्या डोंगराला द्यायलाच हवा. मढहून बसने मालाड, तिथून दादर, मग कर्जत लोकल. नेरळला उतरून माथेरान, किंवा कर्जतहून कोंदिवड्यामार्गे राजमाची. राजमाचीची वाट नवशिक्याला सगळे दाखवते : दगडगोटे, दमछाक करणारा चढ, सावलीचे जंगल आणि वरच्या गावात गरम जेवण.

रात्र हा डोंगरी अल्ट्रातला निराळाच विषय. शंभर किलोमीटरची शर्यत बहुतेकांसाठी किमान एक रात्र खाते. हेडलॅम्पच्या गोल उजेडात खोली कळत नाही, दगड आणि सावली सारखीच दिसते. पहाटे दोन ते पाच या वेळात शरीराचे तापमान उतरते, झोप अनावर होते. दुसऱ्या रात्रीपर्यंत जागलेल्या धावकांना झाडांच्या जागी माणसे आणि दगडांच्या जागी जनावरे दिसणे नेहमीचे आहे. अशा वेळी वेगवान माणसापेक्षा शांत डोक्याचा माणूस पुढे जातो. २०१९ च्या जानेवारीत ब्रिटनच्या जॅस्मिन पॅरिस यांनी ४३० किलोमीटरची स्पाइन रेस ८३ तास १२ मिनिटांत जिंकली, सगळ्या पुरुषांना मागे टाकून. त्या वेळी त्यांची मुलगी अंगावर पीत होती आणि वाटेतल्या थांब्यांवर त्या तिच्यासाठी दूध काढून ठेवत होत्या. अंतर वाढत गेले की निव्वळ ताकदीचे महत्त्व कमी होते आणि खाणे, झोप, निर्णय यांचे वाढते, याचे याहून ठसठशीत उदाहरण नाही.

मराठी धावकांतले नाव घ्यायचे तर पुण्याचे आशिष कासोदेकर यांचे घ्यावे लागेल. २०१८ साली त्यांनी लडाखमधली ला अल्ट्रा ही ५५५ किलोमीटरची शर्यत पूर्ण केली. ती पायवाटेवर नसून रस्त्यावर असते, पण पाच हजार मीटरहून उंच खिंडी ओलांडत जाते, जिथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू मुंबईच्या निम्म्याच्या आसपास असतो. पुढे २६ जानेवारी २०२२ रोजी त्यांनी पुण्यात सलग साठ दिवसांत साठ मॅरेथॉन पूर्ण केल्या आणि गिनेस बुकात नोंद झाली. त्यांचे हे दोन पराक्रम शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. साठातली एकेक मॅरेथॉन वेगाच्या हिशेबात कुणाचे डोळे दिपवणारी नाही, कारण दुसऱ्या दिवशी पुन्हा उठून धावता येईल इतकेच आज धावायचे होते. अल्ट्राचे मर्म यापेक्षा वेगळे नाही.

आता थांबण्याविषयी. रस्त्यावरच्या मॅरेथॉनमध्ये शर्यत अर्धवट सोडलेला माणूस दहा मिनिटांत टॅक्सीत बसू शकतो. डोंगरात थांबणे ही स्वतंत्र मोहीम असते. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत १७२ जण उतरले होते. दुपारी हवा अचानक पालटली, गारा, पाऊस आणि वादळी वारा सुरू झाला. अनेकांच्या अंगावर पातळ बनियन आणि अर्धी चड्डी होती. वारा अडवणारे जाकीट आयोजकांनी सक्तीचे केले नव्हते. २१ धावक गारठून मेले, त्यांत चीनमधले अव्वल अल्ट्रा धावक लियांग जिंग होते. एका मेंढपाळाने सहा जणांना आपल्या आसऱ्याच्या गुहेत नेऊन वाचवले.

सह्याद्रीत गारांचा तेवढा धोका नाही. इथले धोके वेगळे आहेत : उन्हाचा तडाखा, धारेवर कित्येक किलोमीटर पाणी नसणे, धुके, चुकलेली वाट, आग्या मोहोळ. म्हणून आयोजकांनी सांगितलेल्या सक्तीच्या सामानाला, म्हणजे जाकीट, शिट्टी, दोन दिवे, मलमपट्टी, पुरेसे पाणी यांना 'उगाच वजन' म्हणणे गुन्ह्याइतके चूक आहे. कट-ऑफला थांबवणारा कार्यकर्ता हा धावकाचा शत्रू नव्हे. निकालपत्रात नावापुढे डीएनएफ, म्हणजे 'शर्यत अपूर्ण', असे लागले, तरी तोरणा पुढल्या डिसेंबरातही तिथेच असणार आहे.

आणि शेवटी, ज्यांच्या अंगणातून आपण धावतो त्यांचे काय? राजगड-तोरण्याच्या पायथ्याच्या गुंजवणे, वेल्हे या गावांतली किंवा राजमाचीची माणसे या वाटा रोज तुडवतात, डोक्यावर सरपणाचा भारा किंवा दुधाची किटली घेऊन. त्यांच्या पिकातून धावणे, टाक्याच्या पाण्यात पाय धुणे, जेलची पाकिटे कारवीत फेकणे हे कोणत्याही पदकाने झाकले जात नाही. देवराईतून जाताना वेग कमी करावा. गडावर दगड ढासळलेला असेल तिथून आडवाट पाडू नये. शर्यतींनी गावात रोजगार आणला तर त्या टिकतील, नुसता कचरा आणला तर गाव एक दिवस वाट बंद करेल, आणि ते योग्यच असेल.

मॅरेथॉन झाली आणि आता डोंगर खुणावतो आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी या हिवाळ्यात थेट पन्नास किलोमीटरला नाव नोंदवू नये. आधी वाट माहीत असलेल्या माणसाबरोबर राजमाची किंवा राजगड चालून यावे, चढ मोजत, घड्याळ खिशात ठेवून. दुसऱ्या खेपेला उतार सावकाश धावून पाहावा. तिसऱ्या खेपेला पहाटे अंधारात निघावे, पाठीवर सगळे सामान, खिशात चिक्की आणि बटाटे घेऊन. परत येताना आपला आणि दुसऱ्याचाही कचरा पिशवीत भरून आणावा. दोन दिवसांनी जिना धड उतरता आला, तर मग पंचवीस किलोमीटरच्या गटात नाव नोंदवायला हरकत नाही.